पिसं झडली कोंबड्यांची, झोप उडाली माझी

आधी चहा घ्या. गार होऊ देऊ नका, कारण मी एकदा सुरू केलं की मधे थांबत नाही. आणि ऐकताना माझ्या तोंडाकडं बघू नका, अजून लाज वाटते हो! माणसाची फजिती व्हावी, पण ती निदान स्वतःच्या घरच्या माणसांनी तरी करावी. माझी फजिती चार कोंबड्यांनी केली. त्यासुद्धा शेजारच्या!

माकणीत माझं किराणा दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, त्याच्या मागं परस. घर लिंगायताचं. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. गावातल्या बाकी दुकानांत अंड्यांचे ट्रे दिसतात, माझ्या दुकानात दिसणार नाहीत. सांगायचा मुद्दा काय, पन्नाशी आली तरी मी कोंबडी बघितली ती रस्त्यानं जाता-येता. ओळख अशी कधी झालीच नव्हती.

भिंतीला भिंत लागून सुनंदाबाई राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर, आमच्या घरात महादेवाची, आणि मधल्या भिंतीवरून दोन्ही बाजूंनी वाट्यांची ये-जा. गेल्या साली अव्वा न्हाणीत पाय घसरून पडली तेव्हा मी माल आणायला सोलापूरला गेलेलो. बाईंनी गाडी केली, अव्वाला लातूरला नेलं, आणि मी पोचेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिल्या. असल्या उपकाराची फेड कशानं करायची? मला तर सुचत नव्हतं. म्हणून दिवाळीच्या तोंडावर बाई भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "अप्पा, एक काम व्हतं, पण सांगायला संकोच वाटायलाय," तेव्हा मी काम ऐकायच्या आधीच हो म्हणून बसलो.

काम असं होतं. बाईंची लेक लातूरला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, बीपी वाढलेलं, आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. लेक माहेरी येईना म्हणून आईच लेकीकडं निघाली, दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून. मागं राहणार होत्या चार गावरान कोंबड्या: काळी, काबरी, तांबडी आणि डोक्यावर पिसांचा झुबका असलेली टोपी.

"तुमच्यात अंडं चालत न्हाई, म्हाईत हाय मला," बाई म्हणाल्या. "खायचा प्रश्नच न्हाई. पण अंडी तेवढी डब्यात ज्वारी घालून, त्यात पुरून, सकाळच्या लातूरच्या गाडीत ड्रायव्हरपाशी द्यायची. जावई स्टँडवरून घिऊन जातील. बाळंतपणात लेकीला घरच्या कोंबड्यांची अंडी मिळाली म्हंजे माझ्या जीवाला बरं वाटंल."

मी छातीवर हात ठेवला. "बाई, निर्धास्त जावा. तुमच्या कोंबडीच्या पिसालाबी धक्का लागणार न्हाई!"

बघा, माणसानं शब्द देताना जरा सांभाळून द्यावा. केसाला धक्का म्हणालो असतो तर निभावलं असतं.

बाई गेल्या. मुंगसाच्या भीतीनं मी त्यांचं खुराडं उचलून आमच्याच परसात आणलं. अव्वानं परवानगी दिली. "मुका जीव हाय. दाणे टाकायला कशाचा इटाळ?" म्हणाली. आणि मग सुरू झाले प्रश्न.

कोंबडीला दिवसातनं कितीदा खायला घालायचं? पाणी उकळून द्यायचं का? अंडं घालायच्या आधी ती एवढी ओरडते, दुखत असेल का? मग घातल्यावर त्याहून जोरात ओरडते ती कशासाठी? तांबडी धुळीत लोळते, तिला फिट येते की काय? काबरी खडे गिळते, काढायचे कसे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, ह्यांच्यात कोंबडा तर एकही नाही, मग अंडी येतात कुठनं?

हा शेवटचा प्रश्न मी बाईंना फोनवर विचारला आणि विचारून डोळे गच्च मिटून घेतले. पण बाई पडल्या शिक्षिका. त्यांनी न अडखळता पाठ घेतला. "अप्पा, कोंबडा असू नसू, कोंबडी अंडं घालतीच. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. धुळीत लोळणं म्हंजे त्यांची आंघोळ. खडे पोटात दाणा भरडायला लागतात. आन् तुम्ही लई जीवाला लावून घिऊ नका. त्यांचं त्या बघतात."

जीवाला लावून घेऊ नका म्हणे! माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दुकानाला कुलूप लावून मी तीनदा परत जाऊन ओढून बघतो. तो माणूस दुसऱ्याच्या जित्या जीवांना त्यांच्या भरवशावर सोडेल?

अंडी उचलायचा पेच वेगळाच. हात लावायचा धीर होईना. म्हणून मी स्वयंपाकघरातला झारा नेला. झाऱ्यात अंडं घ्यायचं, श्वास रोखून डब्यापर्यंत जायचं, आणि ज्वारीत अलगद सोडायचं. लग्नात वाढपी बुंदी वाढतात तसं. दोन-तीन दिवस बिनबोभाट चाललं. मग आमच्या सौभाग्यवती महानंदा दारात उभ्या!

"ह्यो झारा कुठं निघाला?"

"जरा... धुवायला."

"कोंबडीची घाण वाळलीय त्याला! आता ह्यो झारा तुमच्या कोंबड्यांचा. दिवाळीत करंज्या पायजे असतील तर नवा घिऊन या, न्हाईतर खुराड्यातच फराळ करा."

नवा झारा आणला. डबे लातूरला जाऊ लागले. बाई फोनवर म्हणायच्या, "मिळाली बरं का अप्पा, एक बी फुटलं न्हाई." मला काय वाटायचं सांगू! अव्वाच्या उशाशी बसलेल्या त्या बाईची थोडी तरी फेड होतेय, असं वाटून छाती फुगायची.

आणि एका सकाळी परसात गेलो तर काळीच्या शेपटीची पिसं जमिनीवर.

म्हटलं, मांजर आलं असेल. जाळी घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी काबरीची मान अर्धी उघडी. मग तांबडी. मग टोपीचा तर झुबकाच गेला, नुसतं टक्कल राहिलं. परसात पिसांचा सडा! कोंबड्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या, जवळ गेलं की चिडायच्या. आणि अंडी? आधी कमी झाली, मग साफ बंद.

खरं सांगतो, स्वतःला ताप आला तरी मी एवढा घाबरत नाही. बाईंना फोन लावला. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "अप्पा, हिचं बीपी आजून खाली येईना. डॉक्टर म्हणालेत, घरात काळजीचा विषय बी काढू नका. तुमच्याकडं समदं बरं हाय न्हवं? अंडी येतात न्हवं?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार?

"येतात की! लई येतात!" मी म्हणालो. एकदा तोंडातून गेलं ते गेलंच.

मग तुम्ही म्हणाल, गावात कोणाला विचारायचं होतंस. अहो, विचारणार कसं? बरीच वर्षं झाली, एका वस्तीवर कोंबड्यांना मर आली होती, आणि ज्याच्या घरातनं सुरू झाली त्या घराला लोक अजून नावं ठेवतात. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातला माणूस चांगला आहे, पण त्याला सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं. माझ्या परसात रोग निघाला असं एकदा उठलं की तासाभरात ते लातूरला पोचणार. म्हणून मी मोबाइलला विचारलं. मोबाइलनं मला मोठमोठ्या पोल्ट्रीतले असले भयानक रोग दाखवले की जेवण जाईना. माना मोडलेल्या कोंबड्या, पाय गेलेल्या कोंबड्या, खड्ड्यात पुरलेल्या कोंबड्या! प्रत्येक रोगात पिसांचा काहीतरी उल्लेख होताच.

अव्वा ओसरीवरनं सगळं बघत होती. म्हणाली, "बसू, तुझ्या जन्माच्या वक्ताला माझे बी केस असेच गेलते. जातात आन् येतात. गप बस."

मी म्हणालो, "अव्वा, तू माणूस हाईस, ती कोंबडी हाय!"

आणि केसांवरनंच मला कल्पना सुचली. महानंदा जास्वंदीचं तेल करते, आख्खी गल्ली नेते. केसांना लागू पडतं तर पिसांना का नाही? दुपारी ती झोपल्यावर मी बाटली घेऊन परसात गेलो. काळीला धरलं. तिनं मला जे टोचलंय, ही खूण बघा मनगटावर! तरी चौघींना चोळून चोळून तेल लावलं. सोडल्याबरोबर चौघी तडक धुळीत जाऊन लोळल्या. तेलावर धूळ, धुळीवर काडीकचरा. संध्याकाळी कोंबड्या अशा दिसत होत्या की बाईंनी पाहिल्या असत्या तर ओळख दाखवली नसती. आणि बाटली रिकामी बघून महानंदानं मला विचारलं, "तुमच्या टकलाला एवढं लागलं?"

तोवर लातूरहून फोन. लेक बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप! मला एवढा आनंद झाला की मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. फोनवर बाईंचा आवाज भरून आला होता. "अप्पा, आता अंडी जरा जास्ती लागतील बघा. लेक लई अशक्त झालीया."

हातातला पेढा मी तसाच परत खोक्यात ठेवला.

आता अंडी आणायची कुठनं? माकणीत घेतली असती तर दुकानदारानं सकाळी विकून दुपारी सगळ्या गावाला सांगितलं असतं. म्हणून स्कूटर काढली आणि लोहाऱ्याला गेलो. तोंडाला उपरणं गुंडाळलं, नुसते डोळे उघडे. बसस्टँडच्या मागं अंड्यांचा गाडा. आयुष्यात पहिल्यांदा मी अंड्यांच्या गाड्यापुढं उभा राहिलो, आणि घाम असा फुटला की गाडेवाल्यानं स्टूल पुढं केलं.

"आजारी हाव का भाऊ? उकडून देऊ का?"

"नको, नको! कच्ची. चांगली बघून द्या."

चांगली म्हणजे कशी, ते मला कुठं ठाऊक? आमच्या परसातली असायची लहान-मोठी, तांबूस, मळकट. ही बघतो तर एकसारखी, मोठी, पांढरीशुभ्र! म्हटलं वा, ही तर धुतलेली दिसतात. त्यातलीही सगळ्यात पांढरी निवडून घेतली. बाळंतिणीसाठी न्यायची ना! पिशवीत घालून स्कूटरच्या पुढच्या आकड्याला अडकवली, दर खेपेला हेच. दोन डबे सुखरूप गेले. फोनवर बाई म्हणाल्या, "मिळाली अप्पा." पण जरा थांबून म्हणाल्या. मला तेव्हा ते थांबणं कळलं नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र मागनं हाक आली. "बसू! हितं काय करायलास?"

रेवणमामा! अव्वाचे धाकटे भाऊ. आमच्या समाजाच्या मठाचं सगळं त्यांच्या हातात, पांढरंफेक धोतर, कपाळभर भस्म. ज्यांच्यापुढं मी आजही मांडी घालून नीट बसतो ते मामा, आणि माझ्या हातात अंड्यांची पिशवी!

"काही न्हाई मामा. जायफळ आणायला आलतो."

"बरं झालं. मी बी माकणीलाच निघालोय अक्काला भेटाया. चल." मी पिशवी आकड्याला अडकवेपर्यंत मामा मागं बसलेसुद्धा. "ती पिशवी मधी लटकायलीय, दे इकडं, मांडीवर धरतो."

"नको मामा! काच हाय त्यात!"

"कसली काच?"

"दिव्याच्या... काचा. अव्वाला पायजे व्हत्या."

"मग तर मीच धरतो. तू काय गाडी नीट चालवायचास!"

घेतली की पिशवी! लोहारा ते माकणी हा रस्ता कुणाला ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझी दया येईल. मी बैलगाडीपेक्षा हळू चाललो होतो. एका खड्ड्याला वळसा घातला की दुसरा हजर. मागनं मामा विचारायचे, "चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो का रं?" आणि मी मनातल्या मनात, शिवा, एवढा पूल पार करून दे, एवढा गतिरोधक पार करून दे.

गावच्या वेशीत एक कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला. मागं एक बारीकसा आवाज झाला.

घरापुढं गाडी थांबवली. मामा उतरले. पांढऱ्याफेक धोतरावर मांडीपाशी पिवळा डाग, आणि तो हळूहळू पसरत चाललेला. मामांनी बोट लावलं. नाकापाशी नेलं. माझ्याकडं बघितलं. मग पिशवी माझ्या हातात दिली, आणि अक्काला न भेटताच तसेच पायी परत निघाले.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. मामा गप्प बसले की मला जास्त भीती वाटते.

त्यानंतर काय विचारता! वाऱ्यानं परसातली पिसं उडून गल्लीत येऊ लागली. लिंगायताच्या दारात कोंबडीची पिसं! लोक पिसांकडं बघायचे, मग माझ्या पोटाकडं बघायचे. शेजारच्या गल्लीतली पारूबाई दुकानात येऊन मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, मटणाला कंचा मसाला बरा हो? तुमच्या घरात कंचा घालत्यात?" मी पिसं गोळा करून पोत्यात भरली आणि गावाजवळच्या धरणाच्या बाजूला टाकायला निघालो, तर पोतं खालनं फाटकं निघालं. घरापासून वेशीपर्यंत माझ्या मागं पिसांची रेघ!

घरी महानंदा रडकुंडीला आली. "माहेरी तोंड कसं दाखवू?" मी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग लोकांना बी सांगा की!"

"सांगितलं तर बाईंना कळंल. कोंबड्या माझ्या हातात मरायला लागल्यात आन् मी त्यांच्याशी खोटं बोलतोय, हे कळंल. अव्वासाठी ज्या बाईनं रात्र जागून काढली तिच्याशी खोटं बोललो मी!" लोकांनी मला कोंबडीखाऊ म्हटलं तरी चाललं असतं हो. पण बाई परत येऊन त्या उघड्या कोंबड्या बघतील, काही न बोलता खुराडं उचलून नेतील, आणि भिंतीवरनं वाटी यायची बंद होईल, ह्याच धास्तीनं मी खंगलो होतो.

आणि फोन आला. "अप्पा, उद्या सकाळच्या गाडीनं येते."

सकाळी मी परसात जाऊन कोंबड्यांपुढं अक्षरशः हात जोडले. नव्या पिसांचे बारीक काटे अंगावर फुटले होते, त्यामुळं तर त्या आणखीनच भयंकर दिसत होत्या. तेवढ्यात पुढनं खाकरण्याचा आवाज. रेवणमामा! नवं धोतर.

ओसरीवर बसले. अव्वाची तब्येत विचारली, पावसाचं विचारलं, मठाचं बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बसू, डॉक्टरनं काही सांगितलंय का तुला? अशक्तपणा असंल, काही इलाज नसंल, तर समाज समजून घेतो. पण चोरून..."

"मामा, शपथ! मी कशाला तोंड लावलं न्हाई. सगळ्या कोंबड्या जित्या हायत. चला, दावतो!"

परसात नेलं. मामांनी त्या चार उघड्या, काटेरी, तेलकट जिवांकडं बघितलं. मग ओरडले, "अक्का, अगं ये इकडं! खाणारे बी आधी मारतात, मग सोलतात. ह्यो तर जित्तीच सोलायलाय!"

आणि नेमकं त्याच वेळी परसाच्या दारात पिशवी घेऊन सुनंदाबाई.

मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. बाई कोंबड्यांकडं बघू लागल्या. मी डोळे मिटून घेतले. आणि ऐकतो तर काय, बाई हसतायत!

"अगं बाई! टाकली व्हय पिसं? ह्या वर्षी जरा लवकर टाकली की गं!"

मी एक डोळा उघडला.

"अप्पा, दरसाल दिवाळीच्या आगंमागं टाकतात त्या. जुनी झडतात, नवी येतात. दोन-तीन म्हैनं अंडी बंद. सांगायचं माझ्या ध्यानातनंच गेलं बघा लेकीच्या गडबडीत. आन् हे अंगाला काय फासलंय? तेल?"

अव्वा म्हणाली, "मी सांगितलं व्हतं त्येला. ऐकतोय कुठं!"

मी मटकन खाली बसलो. रोग नाही, मर नाही, काही नाही! एवढ्यात बाईंचं हसू थांबलं. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हंजे तवाच अंडी बंद झाली व्हय? आन् मी उगाच..."

"उगाच काय, बाई?"

बाई ओशाळल्या. पदर चाचपला. "अप्पा, राग मानू नका. डब्यातनं ती पांढरी पोल्ट्रीची अंडी आली, तवाच मी ओळखलं ही आपल्या कोंबड्यांची न्हाईत म्हणून. मला वाटलं, तुमच्या घरातच कुणाला तरी गावरान अंड्याची चव लागली असंल. उघड मागायला लाजत असतील, म्हणून आपली ठिऊन घेतात आन् इकत आणून मला धाडतात. लेकीला बी म्हणाले, जाऊ दे, चांगली माणसं हायत, खाऊ दे बिचाऱ्यांना!"

अव्वा आ करून बघत राहिली. "अय्यो शिवा! ह्या वयात मला अंडी खाऊ घातली!" आणि ती जी हसायला लागली ती ठसका लागेपर्यंत. महानंदा तोंडाला पदर लावून आत पळाली. मी मात्र तिथंच मातीत बसून सगळं ओकलो. बीपी, मोबाइल, तेल, लोहारा, सगळं. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अंड्याचा इटाळ मानणाऱ्या घरातला माणूस माझ्या लेकीसाठी गाड्यावर उभा राहिला," त्या म्हणाल्या. "अप्पा, पोल्ट्रीची तर पोल्ट्रीची. तिनं समदी खाल्ली." आणि पिशवीतनं बारशाचे पेढे काढून आधी अव्वाच्या हातावर ठेवले.

सुटलो! छातीवरचा धोंडा उतरला. आता फक्त मामा राहिले होते. ते एका बाजूला उभे राहून धोतराचा सोगा सारखा करत होते. मी जाऊन पाया पडलो. "मामा, आता पटलं न्हवं?"

मामांनी मला दंडाला धरून न्हाणीच्या आडोशाला नेलं. मागं-पुढं बघितलं. आणि कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, "बसू, खरं सांग. लागतंय कसं?"

"मामा, आईची शपथ! मी खाल्लंच न्हाई!"

"एवढं झालं, गावभर नाव गेलं, माझं धोतर गेलं," मामा म्हणाले, "आन् एक बी खाल्लं न्हाईस?"

"न्हाई, मामा."

मामांनी माझ्याकडं फार वाईट वाटून बघितलं. "मग येडाच हाईस," म्हणाले, आणि पेढा खायला गेले.